पुढे सरकलेली सीट

बबनभाऊ गेले, हे मला फळ्यासमोर कळलं. श्रीरामपूरच्या एका तंत्रशाळेत मी मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवतो. त्या दिवशी फळ्यावर पिस्टन इंजिनाच्या चार अवस्था काढत होतो आणि तिसऱ्या आकृतीतला बाण काढायचा राहिला असताना शिपाई दारात आला. "सर, भिंगारहून फोन आल्ता. कुनी बबन मिस्तरी हायेत का तुमचे? ते सकाळी वारले म्हनून सांगा म्हनले." पुढे मी काय केलं ते मला आठवत नाही. खडू टेबलावर नीट ठेवला आणि खुर्चीवर बसलो, असं मुलांनी नंतर सांगितलं. मला आठवतो तो फळ्यावरचा अर्धवट पिस्टन, आणि त्याच्याकडे बघताना कानात आलेलं बबनभाऊंचं बोलणं... "वर जा, थांब. खाली ये, थांब. दिसभर नुसतं थांब थांब. याला काय इंजिन म्हनायचं, मास्तर?" मी शिक्षक व्हायच्या कितीतरी आधीपासून ते मला मास्तर म्हणत. काविळीचं निमित्त झालं. पंधरा दिवस दवाखान्यात होते, आणि मला पत्ता नव्हता. वय जेमतेम चव्वेचाळीस.

बबन भिंगारदिवे हे नाव वाचकांपैकी कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. नगरला लागून असलेल्या भिंगारच्या जुन्या बाजारामागे त्यांची पत्र्याची शेड होती. वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर, त्यांच्याकडून हात शिकलेला. शाळा आठवीपर्यंत. टेम्पो, जीप, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, काहीही आणा, बबनभाऊ आधी त्याला कान लावणार आणि मगच पाना हातात घेणार. अशा माणसाच्या आयुष्यात जपानी स्पोर्ट्स कार कुठून आली, तर ती माझ्या मामांमुळे आली. मामा दहा वर्षं आखातात इंजिनिअर होते. एक्क्याण्णवच्या सुमारास ते कायमचे परतले तेव्हा सामानासोबत ही गाडी बोटीने आणली. लाल, बुटकी, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि बटण दाबलं की पुढचे दिवे पापण्या उघडल्यासारखे वर येणार. भिंगारच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं, 'बेडकी'. वडील वारल्यापासून मी आणि आई मामांच्याच आधाराला होतो. माझा डिप्लोमा त्यांच्या जिवावर चालला होता. मामा वाईट नव्हते, पण शब्दाचे फार कडक. गाडी आली त्या दिवशी सगळ्यांना ओटीवर बसवून त्यांनी सांगितलं, "चावीला माझ्याशिवाय आणि बबनशिवाय कुणाचा हात लागला, तर त्याने आपली ट्रंक उचलायची." 'कुणाचा' म्हणजे कुणाचा, हे आईला बरोबर कळलं. ती त्या रात्री जेवली नाही.

बेडकीचं इंजिन रोटरी होतं. नगर जिल्ह्यात तेव्हा ते दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. बबनभाऊंनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. "बाकीचं इंजिन कुठं गेलं?" असं त्यांनी मामांना खरोखर विचारलं. एवढंसं डबडं, आणि पळायला एवढं जबर! मामांनी इंग्रजी मॅन्युअल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "याला वाचून दाखव." तिथून आमची मैत्री सुरू झाली. कॉलेज सुटलं की मी शेडमध्ये जायचो, उलट्या क्रेटवर बसायचो, एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगायचो, आणि ते काळ्या बोटांनी दोनशे पानी वहीत चित्र काढायचे. त्या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. फुगीर कडांचा एक लोखंडी त्रिकोण मधे किंचित आवळलेल्या लंबगोल घरात गरगर फिरतो, आणि फिरता फिरताच पेट्रोल आत घेतो, दाबतो, पेटवतो, धूर बाहेर टाकतो. हे समजलं त्या दिवशी बबनभाऊ उठून शेडमध्ये येरझाऱ्या घालायला लागले. "म्हंजी हे थांबतच न्हाई! पिस्टन दर फेरीला दोनदा मरतो, मास्तर. ह्यो मरतच न्हाई!" मग बेडकी चालू करून त्यांनी इंजिनाच्या डोक्यावर चहाने काठोकाठ भरलेला कप ठेवला आणि ॲक्सिलरेटरची तार ओढली. आवाज चढत गेला, चढत गेला... चहावर नुसती बारीक वर्तुळं. थेंब सांडला नाही. समोर दुरुस्तीला उभ्या असलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या इंजिनावर कप ठेवला तर कपासकट तुमी भिंगारच्या येशीत."

पण बबनभाऊ आंधळे भक्त नव्हते. त्या इंजिनाच्या खोडी त्यांना मामांपेक्षा आधी कळल्या. चढावर कमी वेगात ते मलूल पडायचं, सारखा गिअर खाली घ्यावा लागायचा. पेट्रोल तर असं प्यायचं की राहुरीला जाऊन यायचं म्हटलं तरी मामा आधी काट्याकडे बघायचे. उन्हाळ्यात तापायचं. आणि तेल खायचं. मामांना वाटलं गळती आहे. बबनभाऊंनी माझ्याकडून ते पान तीनदा वाचून घेतलं आणि सांगितलं, "साहेब, गळत न्हाई. त्रिकोनाच्या तीन टोकांला पट्ट्या हायेत, सील. ती दिसभर भिंतीला घासत्यात. त्यांच्या तोंडाला तेल लागावं म्हनून हे मुद्दाम तेल जाळतं. हा रोग न्हाई, हा सोभाव हाय." ती बोटाएवढी पट्टी म्हणजे त्या इंजिनाचा जीव. ती झिजली की दाब गेला, दाब गेला की सगळं गेलं. आणि बाहेरून काही कळत नाही. इंजिन गोडच चालत राहतं. इतकं गोड, की जास्त पळवलं तर ड्रायव्हरला समजावं म्हणून कारखान्यानेच आत घंटी बसवून दिली होती. "खातं लई, पितं लई, तापतं लई," बबनभाऊ म्हणायचे, "पन चालाया लागलं की सगळं माफ."

सगळ्यात मोठी खोड वेगळीच होती. थंड इंजिन चालू करताना त्यात पेट्रोल जास्त सोडलं जातं. ते तापायच्या आत बंद केलं, तर कच्चं पेट्रोल आतच राहतं, पट्ट्यांवरचं तेल धुऊन काढतं, आणि मग दाबच धरत नाही. कितीही चावी फिरवा, इंजिन ओलं ते ओलंच. त्यामुळे या गाडीला अंगणातून रस्त्यावर काढायची आणि बंद करायची, हे चालत नसे. बबनभाऊंनी त्यावर कायदा काढला होता. "चालू केली तर राहुरी दाखवून आना. न्हाईतर हात लावू नका." त्या फेऱ्या माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या. मामा डावीकडे स्टिअरिंगवर, उजवीकडे बबनभाऊ, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर पाय पोटात घेऊन मी. स्टिअरिंग उलट्या बाजूला असल्याने पुढच्या एसटीपलीकडचं मामांना दिसायचं नाही. बबनभाऊ खिडकीतून मान काढून सांगायचे, "थांबा... थांबा... ट्रक हाय... सोडा आता!" आणि बेडकी अशी सुटायची की मी सीटच्या पाठीला चिकटायचो. मुळेच्या पुलावर वारा तोंडावर घेत बबनभाऊ डोळे मिटून बसलेले मी पाहिले आहेत. ते इंजिन ऐकत असायचे.

दुसऱ्या वर्षी त्या इंजिनाने बबनभाऊंसाठी एक दार किलकिलं केलं. मद्रासला शर्यतीच्या गाड्या तयार करणारे एक गृहस्थ मामांच्या आखातातल्या ओळखीचे होते. रोटरीत हात घालू शकणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. मामांनी बबनभाऊंबद्दल लिहिलं. जपानहून सीलचा नवा संच मागवला, आणि बबनभाऊंनी आठ दिवस शेडचं दार लावून ते इंजिन सगळं उघडलं, पट्ट्या बसवल्या, परत जोडलं. पहिल्या झटक्याला चालू झालं. मद्रासचे गृहस्थ दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भिंगारला येऊन गाडी पाहणार, राहुरीपर्यंत चालवणार आणि पसंत पडलं तर बबनभाऊंना सोबत नेणार, असं ठरलं. बबनभाऊंच्या घरी वहिनींनी नवी बॅग आणली. मी इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या. चार दिवसांनी बबनभाऊंनी वही मिटली आणि म्हणाले, "दोन वाक्यं बास. आय कॅन ओपन. आय कॅन क्लोज. यापरीस इंजिनाला काय लागतं?" शेडमध्ये काम करताना ते ही दोन वाक्यं पुटपुटायचे. एरवी हसतमुख माणूस, पण ती वाक्यं म्हणताना चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा व्हायचा.

दसऱ्याला भिंगारदिव्यांच्या घरचं कुणी भिंगारमध्ये नसे. आईला घेऊन बबनभाऊ दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचे. ते चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या वर्षीही निघायच्या आधी ते मामांकडे येऊन गेले. मामा पाहुण्यांना आणायला पुण्याला निघाले होते. खंडेनवमीला गाडीची पूजा होणार हे बबनभाऊंना माहीत होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी काय लिंबं मानत न्हाई, मास्तर, पन मामींना वाईट वाटाया नको. हार घाला, कुकू लावा, चाकाखाली लिंबं ठेवा. लिंबावरनं न्यायची तर चार पोरं बोलवा आन ढकलून न्या. चावी फिरवायची न्हाई. तुमाला सांगायला नको, तुमीच तर वाचून दाखवलंय."

मीच वाचून दाखवलं होतं. ते पान मला आजही पाठ आहे.

खंडेनवमीच्या सकाळी मामींनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि नैवेद्य आणायला आत गेल्या. पोरं अजून यायची होती. चावी पूजेसाठी म्हणून बॉनेटवर हळदीकुंकवाच्या ताटात ठेवलेली. मी दार उघडून आत बसलो. फक्त बसायचं म्हणून. मामा उंच, मी बुटका, पाय पोचेनात, म्हणून सीट पुढे सरकवली. वर्षभर मी त्या इंजिनाबद्दल वाचत होतो, समजावत होतो, मागच्या सीटवर अंग चोरून बसत होतो. एकदा, एकदाच ते माझ्या हाताने चालू व्हावं असं मला वाटलं. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. चावी फिरवली. काय तो आवाज होता! गिअर टाकला, गाडी दोन हात पुढे गेली, लिंबं फुटल्याचं चाकातून मला कळलं, आणि लगेच मामांची ट्रंक आठवली. मी इंजिन बंद केलं. आत मिक्सर चालू होता, मामींना काही ऐकू गेलं नव्हतं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "ढकललीसुद्धा एवढ्यात?" मी म्हणालो, "हो." त्याच वेळी गाडी काढून राहुरी दाखवून आणली असती, तर सगळं निभावलं असतं. फार तर माझी ट्रंक गेली असती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मामी आणि आई आपट्याची पानं वाटायला गेल्या तेव्हा मी पुन्हा प्रयत्न केला. दहादा, वीसदा चावी फिरवली. इंजिन पकडेना, आणि शेवटी बॅटरीनेही मान टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बबनभाऊ नागपूरच्या एसटीतून उतरले ते आईला घरी सोडून थेट मामांच्या अंगणात आले. रात्रभर उभ्याने प्रवास झालेला, खिशाला निळी फीत तशीच. मी ओटीवर उभा होतो. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि आत बघत थोडा वेळ थांबले. मग खाली वाकून त्यांनी काहीतरी केलं, ते मला तेव्हा दिसलं नाही. प्लग काढले, वास घेतला. मी पुढे होऊन काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मास्तर, शेडमधनं तेलाचा डबा आना. आन दुसरी बॅटरी." एवढंच. प्लगच्या भोकांतून तेल सोडून, आतलं पेट्रोल उडवून त्यांनी इंजिन जवळजवळ जागेवर आणलं होतं. "आज दिसभर वाळू द्या, उद्या उठंल," असं ते म्हणतच होते, तोवर टॅक्सी दारात आली. मामा आणि पाहुणे ठरल्या वेळेच्या तासभर आधीच पोचले होते.

इंजिन उठेना म्हटल्यावर पाहुण्यांसमोर मामांचा चेहरा पडला. बबनभाऊ परोपरीने सांगत होते, एक दिवस द्या. मामांनी ऐकलं नाही, शेजारची जीप बोलावली आणि बेडकीला दोर बांधून रस्त्यावर ओढलं. तिसऱ्या हिसक्याला इंजिनाने एकदा कण्हल्यासारखं केलं आणि आतून टक् असा आवाज आला. बबनभाऊंनी डोळे मिटले. सील तुटली हे त्यांना कानांनी कळलं होतं. पाहुण्यांनी इंग्रजीत विचारलं, काय झालं? मामा तापून म्हणाले, "बोल ना! पूर्ण इंजिन तू जोडलंस!" मी चार हातांवर उभा होतो. बबनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं... मी मान खाली घातली. मग ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "माय मिस्टेक, सर."

हे वाक्य मी त्यांना शिकवलं नव्हतं.

पाहुणे जेवून निघून गेले. मामांना मिस्तरी चांगला बघा असं सांगून गेले. पुढे इंजिन उघडलं तर तुटलेल्या पट्टीने आतली भिंत खोलवर ओरखडली होती. मामांनी बेडकी मुंबईच्या एकाला देऊन टाकली आणि बबनभाऊंशी बोलणं सोडलं. तो खराब झालेला लोखंडी त्रिकोण तेवढा "घेऊन जा ते भंगार" म्हणून त्यांच्याकडे राहिला. बबनभाऊ पुन्हा टेम्पो आणि फवारणीच्या पंपांकडे वळले. माझा डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आईला घेऊन मी श्रीरामपूरला आलो. तीन वर्षांपूर्वी मामा वारले, म्हणजे भीतीचं कारणही उरलं नाही. तरी मी सांगितलं नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास मी भिंगारला जायचो, त्यांच्या घरी बसायचो. त्यांना संशय असेल असं कधी वाटायचं, कधी वाटायचं की नसेल, आणि नसेल तर कशाला उकरून काढा! चहा व्हायचा. माझ्या वर्गातल्या गमती ऐकून ते खळखळून हसायचे. मग कप खाली ठेवून विचारायचे, "आनखी काय, मास्तर?" आणि गप्प बसून राहायचे. मी म्हणायचो, "आणखी काही नाही, बबनभाऊ." या न सांगण्याला मी सहा वर्षं संकोच म्हणत आलो. त्याला दुसरं नाव आहे आणि ते मला माहीत आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी भिंगारला गेलो. बुद्धवंदना झाली, चार लोक बोलले. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमी बोला, तुमचा लई जीव हुता." मी उठलो. त्यांचा कान सांगितला, चहाचा कप सांगितला, बेडकी सांगितली. लोकांचे डोळे भरले. आणि नेमकं जे सांगायचं ते मी तिथेही गिळलं. माणसं पांगल्यावर आत वहिनींजवळ जाऊन बसलो. खिडकीत तो त्रिकोण होता, वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून टेकवलेला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे ठेवला. "हे तुमी न्या. हितं कुनाला त्यातलं काय कळत न्हाई." मग मात्र माझा बांध फुटला. म्हणालो, "वहिनी, त्या दसऱ्याला गाडी..."

"माहिताय," त्या म्हणाल्या. "आले त्याच दिशी सांगितलं हुतं मला. सीट पुढं हुती म्हनले. साहेबांच्या ध्यानात यायच्या आत मागं सारली म्हनले. त्या पोराची आई कुठं जाईल, म्हनले."

 मी विचारलं, "मग मला कधी एका शब्दाने का नाही...?"

वहिनी पदराने त्रिकोणावरची धूळ पुसत होत्या. "मी म्हनायची, इचारा की सरळ. तर म्हनायचे, त्याच्या तोंडून येऊ दे. दसरा जवळ आला की म्हनायचे, औंदा मास्तर सांगत्याल बघ. तुमी यायचे, चहा प्यायचे, जायचे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

तो त्रिकोण आता माझ्या वर्गातल्या टेबलावर आहे. दिसतो त्याहून जड आहे. दोन टोकांच्या खाचांत पट्ट्या अजून आहेत, तिसरी खाच रिकामी. मुलं विचारतात, सर, हे कसलं इंजिन? मी त्यांना सगळं सांगतो. ते किती हलकं, किती गोड, किती खादाड, आणि चालू केल्यावर लगेच बंद का करायचं नाही. सांगताना बोट आपोआप त्या रिकाम्या खाचेवर जातं.  दसरा पुढच्या महिन्यात आहे. या वर्षी भिंगारला कुणी कप खाली ठेवून मला विचारणार नाही, आणखी काय, मास्तर... म्हणून इथे लिहितो. बबनभाऊ, गाडी मी चालू केली होती.